भंडाऱ्याचे पाहुणे

दिवाळीचा फराळ सरत आला की आपल्या शहरांत रस्त्याकडेला स्वेटरांची दुकाने लागतात. आपण चार रुपयांसाठी घासाघीस करतो, आणि विकणाऱ्या बाईला कुणी 'नेपाळी' म्हणतो, कुणी 'चिनी'. गेल्या हिवाळ्यात अशाच एका बाईंना मी सहज विचारले, "गाव कुठलं तुमचं?" त्या उत्तरल्या, "भंडारा."

मी चाटच पडलो, आणि यंदा मुद्दाम भंडारा गाठले. साकोलीमार्गे एस.टी. निघाली. दुतर्फा धानाच्या बांध्या, मधूनच एखादा तलाव. नवेगावबांध, अर्जुनी-मोरगाव, आणि पुढे गोठणगाव. प्रतापगड येथून जवळच; हा प्रतापगड साताऱ्याकडचा नव्हे बरे! हिरव्या धानापलीकडे मंत्र छापलेल्या रंगीबेरंगी पताका फडफडताना दिसल्या. हीच तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत. १९७२ साली ती वसली तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, तरी वसाहतीचे 'भंडारा' हे नाव सुटले नाही.

"या ना जी, बसा," एका घरातून अस्सल झाडीपट्टीतले स्वागत झाले. घरचे म्हातारबाबा १९५९ नंतर आईबापांचे बोट धरून हिमालय ओलांडून आलेले. थंड पठारावर जव पिकवणाऱ्या घराण्यातल्या या माणसाने विदर्भाच्या उन्हात धानाची रोवणी शिकून घेतली. चहा पिता पिता त्यांच्या दोन्ही मुलांची हकीकत कळली. थोरला १९८६ चा, धाकटा १९८८ चा. दोघेही इथलेच, एकाच शाळेत शिकलेले. परंतु १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला तो जन्माने नागरिक, असा आपला कायदा. त्यामुळे थोरला भारतीय आणि धाकटा परदेशी! धाकट्याला नोंदणीचा दाखला वेळोवेळी नवा करून घ्यावा लागतो.

मग थोरल्याने हक्क बजावावा की नाही? २०१४ साली निवडणूक आयोगाने अशांना मतदार म्हणून नोंदवण्यास सांगितले. मात्र २०१७ मध्ये पासपोर्टासाठी घातलेल्या अटींत दाखला परत करणे आणि वसाहत सोडणे, याही होत्या. "घर सोडून नागरिक कुठला होऊ?" तो हसून म्हणाला. म्हातारबाबांचे दुःख निराळेच. सगळी मुले भारतीय झाली, तर उद्या 'तिबेट आमचा' म्हणायला उरेल कोण?

याच तालुक्यात अरुणनगरसारख्या गावांतून पूर्व पाकिस्तानातून आलेले बंगाली निर्वासित वसले आहेत. २०१९ च्या कायद्याने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून आलेल्या बिगरमुस्लिमांना नागरिकत्वाची वाट दिली. त्या यादीत बौद्ध आहेत, पण तिबेट नाही.

परतताना थांब्यावर शेजारच्या गावचा एक भूमिहीन मजूर भेटला. "बाहेरून आलेल्यांना सरकारनं जमीन दिली जी. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, आम्हाला कुठं दिली?" मला उत्तर सुचले नाही. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण त्याचे न्याय्य मागणे पाहुण्याच्या ताटातून काढून भागवायचे, की मालकाने आपली कोठी उघडायची?

बसमध्ये माझ्या मनात तेच घोळत राहिले. पाहुण्याला देव मानण्याची आपली रीत थोर खरीच. पण देवाला नैवेद्य मिळतो, सातबारा मिळत नाही! पन्नास वर्षे पाहुणाच राहिलेल्या माणसाला आपण मान दिला, निवारा दिला. 'हे घर तुझे' एवढे मात्र म्हणालो नाही. आणि म्हटले, तरी ते त्याचे जुने घर विसरण्याच्या अटीवर असू नये.

आता लवकरच स्वेटरांची दुकाने लागतील. भाव खुशाल करा, तोही त्यांना चांगला येतो. पण ज्या सत्तेपायी त्यांच्या वाडवडिलांनी देश सोडला, तिचे नाव त्यांना चिकटवू नका. त्यांना गाव विचारा. कुणी सांगावे, ते आपल्याच महाराष्ट्रातले निघेल!