विधवेची चिकाटी आणि चाळीस टक्के



लूककृत शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायातली विधवेची गोष्ट आपण अनेकदा ऐकली आहे. न्यायाधीश देवाला भीत नव्हता आणि माणसांची भीडही बाळगत नव्हता. विधवेजवळ ना पैसा, ना वशिला. ती फक्त पुन्हा पुन्हा जात राहिली. प्रार्थनेत खचू नये म्हणून येशूने ही गोष्ट सांगितली, असे लूक सांगतो. पण ती बाई न्यायाधीशाच्या दारी आपला न्याय मागायला गेली होती, हेही आपण ध्यानात ठेवू या.

आमच्या धर्मग्रामातला आजारी-भेट गट यंदा या गोष्टीजवळ नव्याने आला. आमच्या एका भगिनीला काही वर्षांपासून मल्टिपल स्क्लेरॉसिस हा मज्जासंस्थेचा आजार आहे. तो एकसारखा राहत नाही. एखाद्या रविवारी ती मिस्साला चालत येते आणि पुढच्या रविवारी तिला अंथरुणावरून न्हाणीपर्यंत जाणे होत नाही. उन्हाळ्यात तर त्रास वाढतोच. दिव्यांगत्वाची तपासणी झाली तो दिवस नेमका बरा होता. आधाराशिवाय ती चार पावले चालली आणि प्रमाणपत्रावर ३० टक्के लिहून आले.

दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा उदार आहे. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. मल्टिपल स्क्लेरॉसिस, पार्किन्सन, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल हे आजारही त्यात आले. मात्र नोकरीतले आरक्षण, पेन्शन अशा बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के लागतात. तिच्या घरी त्या दहा टक्क्यांचा अर्थ दर महिन्याची औषधे असा होता.

“जाऊ द्या हो,” ती म्हणाली. “देवानं दिलेला क्रूस आहे. त्यासाठी भांडायचं कशाला? लोक म्हणतील, आजाराचं भांडवल करते.”

आपल्या घराघरांतून हे वाक्य ऐकू येते, म्हणून त्यावर आम्ही पुष्कळ विचार केला. आजार हा तिचा क्रूस असेल. कागदावरचा चुकीचा आकडा मात्र माणसाच्या हातचा आहे आणि तो माणसाच्याच हातून दुरुस्त होऊ शकतो. गणना या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहिल्या. मुलगा नाही म्हणून बापाचे वतन का जावे, असे त्यांनी सर्व मंडळीदेखत विचारले. मोशेने ते गाऱ्हाणे परमेश्वरापुढे नेले आणि परमेश्वराने मुलींचे म्हणणे खरे ठरवले. पौलानेही फेस्तासमोर कैसराकडे दाद मागितली. दाद मागितल्याने त्याची श्रद्धा उणी झाली नाही.

त्याच कायद्याच्या ५९ व्या कलमात प्रमाणपत्राविरुद्ध अपील करता येते. नियमांप्रमाणे निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत ते करावे लागते. म्हणून तिला आम्ही पहिले काम सांगितले ते तारीख बघण्याचे. मग मेंदूविकारतज्ज्ञांचे कागद, एमआरआयचा अहवाल आणि दवाखान्यात भरती झाल्याच्या नोंदी तारखेप्रमाणे लावल्या. कन्नडमधले कागद आमच्या युवा गटातल्या मुलीने वाचून समजावले. रिक्षाचे पैसे आम्ही आळीपाळीने दिले. अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय कोणी घरी परतले नाही.

सर्वांत अवघड होती ती वही. रोज काय जमले आणि काय जमले नाही, हे तिने लिहायचे होते. आपल्या आजाऱ्यांना “बरी आहे” म्हणायची सवय असते. नवऱ्याच्या हाताशिवाय अंघोळ होत नाही, हातातून ताटली पडते, दुपारनंतर डोळ्यांपुढे अंधुक होते, हे लिहिताना ती रडली. तेव्हा आम्ही स्तोत्रसंहितेची आठवण काढली. तिथले कितीतरी भक्त आपल्या दुखण्याचे वर्णन देवापुढे उघडपणे करतात. हाडे, डोळे, रात्रीची जाग, काहीही लपवत नाहीत. दुःख आहे तसे सांगणे यात लाज नाही. ते सत्याला धरूनच आहे.

अपील दाखल झाले आहे. फेरतपासणीचे बोलावणे आले आहे, निकाल अजून यायचा आहे. तो काय लागेल हे आमच्या हातात नाही. मात्र ती आता एकटी जाणार नाही. वही घेऊन आमच्यातले दोघे तिच्यासोबत जातील.

आपल्यापैकी कोणाच्या घरी असे प्रमाणपत्र असेल, तर रविवारच्या मिस्सानंतर ते घेऊन आमच्याकडे या. ९० दिवस उलटायच्या आत या. आणि घरी कोणी आजारी नसेल, तर ज्यांच्या घरी आहे त्यांच्याबरोबर एकदा तरी कचेरीच्या बाकावर बसा.

हे प्रभो, बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीला तू गर्दीत थांबून तिचे सगळे सांगू दिलेस. आमच्या आजारी भावाबहिणींना बोलण्याचे धैर्य दे, निर्णय करणाऱ्यांना ऐकणारे कान दे आणि आम्हांला त्यांच्यासोबत चालणारे पाय दे. आमेन.