रबरी बुचाची बाटली

आमची देवणी गाई-बैलांमुळं ओळखली जाते. वडील जनावरं घेऊन दवाखान्यात निघाले की मीही मागं लागायचो, ते इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्यांसाठी. जाड काच, ॲल्युमिनिअमची टोपी, आत घट्ट रबरी बूच. "ने लेकरा, पण आधी उकळून घे," म्हणत तिथले मामा दोन-चार हातावर ठेवायचे. शाळेतल्या परीक्षानळ्या कपाटात कुलूपबंद असायच्या. ही बाटली मात्र माझी होती, फुटली तरी कुणी विचारणार नव्हतं.

पानटपरीवरचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला की सकाळी वर नितळ निवळी मिळे. एका बाटलीत निवळी, दुसरीत खायचा सोडा आणि लिंबाचा रस, मध्ये मेडिकलमधून आणलेली सलाईनची कोरी नळी. फेस नळीत चढू नये म्हणून तिचं टोक बुचाच्या जेमतेम खाली ठेवायचं. बुडबुडे सुटले की निवळी दुधाळ व्हायची. पुस्तकातलं वाक्य डोळ्यांदेखत खरं होताना पाहण्याचा तो आनंद मला पुढं कुठल्याच परीक्षेनं दिला नाही.

पुण्याला शिकायला गेल्यावर आयुका या संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांची खेळणी पाहिली. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब जोडून त्यांनी भूमिती उभी केली होती. मध्य प्रदेशात १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात खेड्यांतल्या सरकारी शाळांतली मुलं स्वतःच्या हातानं प्रयोग करत होती, हेही तेव्हाच कळलं. साधन मुलाच्या हातात असणं हीच शिक्षणातली पहिली गोष्ट, हे माझं मत तिथं पक्कं झालं.

तरी सगळंच फुकटात भागत नाही. इंजेक्शनची बाटली आचेवर धरू नये. जाड साधी काच सगळीकडून सारखी तापत नाही आणि तडकते. बोरोसिलिकेट काच तापल्यावर साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून ती टिकते. पैसे मोजायचे ते इथं. अंबाल्याचा प्रयोगशाळेचा माल आता घरबसल्या मागवता येतो. मुलीसाठी मी परीक्षानळ्या आणि लाकडी चिमटा घेतला, बाकी सामान घरचंच.

तिला निवळीचा तोच प्रयोग दाखवला, तर ती बुडबुडे सोडतच राहिली. पुन्हा सोडा, पुन्हा लिंबू. दुधाळ पाणी हळूहळू परत नितळ झालं. जास्तीच्या वायूनं न विरघळणारी चुनखडी विरघळती केली होती. तेच पाणी नव्या परीक्षानळीत घालून स्पिरिटच्या दिव्यावर उकळलं, तर पांढरेपणा परतला आणि काचेला पुटासारखा चिकटला.

"बाबा, आपल्या हीटरवर बसतं तेच हे!" ती म्हणाली.

बोअरच्या पाण्याचं ते पुट आम्ही वर्षानुवर्षं खरवडत आलोय. आता तिनं गल्लीतल्या बोअरांचं पाणी इंजेक्शनच्या बाटल्यांत भरलंय, प्रत्येकीवर घरमालकाच्या नावाची चिठ्ठी डकवलीय. सगळ्यांत साबणाचे सारखेच थेंब टाकून, बूच लावून, ती हलवून बघते की फेस कुणात किती येतो.