शेवटचा वाफा

२० नोव्हेंबर २०२३, सोमवार

दिवाळीला माहेरी आले ती परत गेलेच नाही. तीन महिन्यांची बिनपगारी रजा मंजूर झाली. माझा छोटू दिवसभर आईकडे. त्याचे बाबा दर शनिवारी चिंचवडहून येणार.

वरची खोली रिकामी केली. बारदानाची गठडी, फवारणीचा पंप, जुना पाळणा, सगळं खाली. जुना सर्व्हर वर चढवायला दोन माणसं लागली. सुरू केला तर आई जिन्यातून ओरडली, "वर गिरणी टाकली का काय?"

२२ नोव्हेंबर

जुलैचा निकाल पुन्हा काढून वाचला. सिस्कोची सीसीआयई परीक्षा, एंटरप्राइज इन्फ्रास्ट्रक्चर. डिझाइनचा तीन तासांचा भाग पास. प्रत्यक्ष करण्याचा पाच तासांचा भाग नापास. त्या दिवशी पडद्यावर राउटरचे सगळे शेजारी 'फुल' दाखवत होते. पास झाले या खात्रीने मी खुर्चीवरून उठले होते. नापास झाल्यापेक्षा ती खात्री जास्त टोचते.

२५ नोव्हेंबर

वेळापत्रक. पहाटे चार ते आठ लॅब. दुपारी छोटू झोपला की वाचन. रविवारी सलग आठ तास, परीक्षेसारखे. ऑफिसातली मैत्रीण कोल्हापुरातून माझ्या सर्व्हरवर येऊन आदल्या रात्री जाळं बिघडवून ठेवणार. काय बिघडवलं ते सांगणार नाही.

२९ नोव्हेंबर, रात्री

थ्री फेज वीज या आठवड्यात रात्रीची. वडिलांना, आप्पांना, एकट्याला शेतात जाऊ द्यायचं नाही, बिबट्याची भीती. आईच्या जागी मी गेले. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, मोबाइलवर मोठ्याने भजन.

गव्हाला पाणी. मोटार सुरळीत, स्टार्टरवरचा काटा जागेवर, पाट तुडुंब. मी म्हटलं, आप्पा, झालं, बसू जरा. ते बसले नाहीत. चिखलातून थेट शेवटच्या वाफ्यापर्यंत गेले. वाफा कोरडा. मागे मागे येत पाट तपासला. मधल्या बांधाला घुशीचं बीळ, अर्धं पाणी शेजारच्या उसात. चिखल आणि गवताचा बोळा कोंबून बुजवलं. मग पुन्हा टोकाला जाऊन उभे राहिले, पाणी पायाला लागेपर्यंत.

"काटा मोटारीचं सांगतो. वाफ्याचं वाफ्यात जाऊनच बघायचं."

अडीचला घरी. चारला उठले नाही.

१ डिसेंबर

लॅब परीक्षेची तारीख घेतली. १५ फेब्रुवारी, बेंगळुरू. फी १६०० डॉलर. आजच्या भावाने एक लाख तेहतीस हजारांच्या वर. सगळी बचत यात गेली. आईने विचारलं किती, सांगितलं. ती काही बोलली नाही, गाईच्या अंगावरून हात फिरवत राहिली.

३ डिसेंबर, रविवार

आठ तासांचा पहिला सराव. नऊ बिघाडांपैकी चार सापडले.

४ डिसेंबर

त्यातला एक लिहून ठेवते. दोन राउटर, त्यांच्यात रूटिंगचं, ओएसपीएफचं, नातं जुळेना, 'एक्सस्टार्ट'वर अडकून पडलं. एका बाजूला एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, १५००, दुसऱ्या बाजूला १४००. हे मला पाठ आहे. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. तरी काल पंचवीस मिनिटं घालवली, कारण आधी कॉन्फिगरेशन वाचत बसले. नात्याची अवस्था आधी बघितली असती तर दोन मिनिटं.

आधी लक्षण. मग कारण. हात सगळ्यात शेवटी.

८ डिसेंबर

कांद्याची निर्यात बंद. आजपासून ३१ मार्चपर्यंत. रात्री बातम्या लागल्या तेव्हा आप्पा जेवत होते. ताटातली भाकरी संपवून उठले.

आपला कांदा अजून निम्मा वावरात आहे.

१२ डिसेंबर

आप्पा मंचरहून आले. बाजार समितीतली पट्टी देव्हाऱ्यातल्या फोटोमागे ठेवली. भाव निम्म्यावर. दहा किलोला किती, ते कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता मार्चमध्ये आहे, हे मला माहीत आहे.

रात्री म्हटलं, तारीख पुढे ढकलते, फेब्रुवारीत कामावर हजर होते. आप्पा म्हणाले, "लागवड झाल्यावर रान मोडत नाहीत." दिवा मालवला.

१४ डिसेंबर

काहीच वाचलं नाही. छोटूला ताप.

१५ डिसेंबर

ताप उतरला.

१८ डिसेंबर, चंपाषष्ठी

भरीत-भाकरीचा नैवेद्य. अवसरी खुर्दच्या शासकीय तंत्रनिकेतनात शिकणारी शेजारची पोरगी आवाजाची चौकशी करायला वर आली. सर्व्हर बघितला. एका डब्यात वीस राउटर कसे, हा तिचा पहिला प्रश्न. खरे नाहीत, आभासी आहेत, पण वागतात खऱ्यासारखे, असं सांगितलं. तिने स्वतः पिंग करून पाहिला. उत्तर आलं तशी खुर्ची पुढे ओढली.

तिला सांगितलं, ही परीक्षा १९९३ पासून आहे. क्रमांक १०२४ पासून सुरू झाले, आणि १०२४ हा कुणा माणसाला दिलाच नाही, प्रयोगशाळेलाच दिला. ती लगेच म्हणाली, दोनचा दहावा घात. हुशार आहे. मैत्रिणीला घेऊन येऊ का, विचारून गेली.

२४ डिसेंबर, रविवार

नऊपैकी सहा.

२९ डिसेंबर

खालच्या अंगाला ऊसतोड चालू आहे. सकाळी फडात बिबट्याची दोन पिल्लं सापडली. तोड थांबली. वनखात्याची माणसं आली, माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे डॉक्टर आले. तपासून पिल्लं संध्याकाळी क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवली. रात्रभर गल्लीत कुणी बाहेर पडलं नाही.

३० डिसेंबर

मादी रात्री येऊन दोन्ही पिल्लं घेऊन गेली. आईने मला बातमी दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा सांगताना छोटूला मांडीवर घेतलं होतं.

३ जानेवारी २०२४

डीएमव्हीपीएन. हबवर 'रीडायरेक्ट', स्पोकवर 'शॉर्टकट'. एकच लिहून दुसरं विसरलं तर काहीच तुटत नाही. पाकिटं हबवरून वळसा घालून पोचत राहतात. चालतंय, पण मागितलं होतं तसं नाही. जुलैत असंच काही निसटलं असणार. परीक्षकाला चालतंय का एवढंच नको असतं, कसं चालतंय तेही हवं असतं. मला हे न्याय्य वाटतं. दवाखान्याचं, बँकेचं जाळं सांभाळणाऱ्या माणसाने वळसा ओळखलाच पाहिजे.

७ जानेवारी, रविवार

सराव बुडवला. मामेबहिणीची हळद, खोडदला. मामाच्या गच्चीवरून रेडिओ दुर्बिणीच्या डिश दिसतात. ४५ मीटर व्यासाची एकेक, अशा ३०. चौदा मधोमध, बाकीच्या तीन दिशांना फाकलेल्या, सगळ्यांचा संदेश जमिनीखालच्या फायबरने मध्यवर्ती इमारतीत येतो. लहानपणी सुट्टीत आले की आम्ही त्या मोजत बसायचो. फायबर कुठून जातं, हे आज पहिल्यांदा विचारलं. मामांनी बांधाकडे बोट दाखवलं. इथून नांगर जपून.

येताना आप्पांनी आर्वीचा विषय काढला. १९७१ साली तिथे उपग्रहाचं भूकेंद्र सुरू झालं. परदेशचे फोन आकाशातून आर्वीला उतरायचे. नारायणगावच्या बाजाराला गेलं की लोक डिश बघायला जायचे, आप्पाही शाळकरी वयात गेलेले. इतकी वर्षं मला वाटायचं, मी शिकते ते सगळं बाहेरून आलेलं आहे.

८ जानेवारी

मैत्रिणीने शनिवारी बिघडवून ठेवलेलं आज सोडवायला घेतलं. अजून तिथेच अडकले आहे.

९ जानेवारी

सापडेना. एमपीएलएसचं, लेबलांवर चालणारं जाळं. रूटिंग टेबल स्वच्छ. शेजारी सगळे उभे. बीजीपी उभा. राउटरवरून राउटरला पिंग जातो. ग्राहकाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला मात्र एकही पाकीट नाही.

१० जानेवारी

सापडलं. रात्री दारं धरून आल्यावर, पाय धुवायच्या आधी.

कडेच्या राउटरच्या लूपबॅकला तिने /२४ मास्क घातला होता. ओएसपीएफ तो पत्ता पुढे /३२ म्हणून सांगतो. एलडीपी लेबल देतो /२४ ला. एका घराला दोन नावं, आणि शेजाऱ्याला हव्या त्या नावाचं लेबलच नाही. लेबल नसलं तरी साधं पाकीट पत्ता वाचून पोचतं. व्हीपीएनचं पाकीट मधल्या राउटरवर उघडं पडतं, आणि तिथे त्याला कुणी ओळखत नाही. टोकाकडून सुरुवात केली आणि एकेक राउटर मागे आले तेव्हा लेबलाचा रकाना रिकामा दिसला. तीन दिवस मी मोटारीचा काटा बघत होते.

मास्क बदलला. टोकाकडून पिंग केला. पाच उद्गारचिन्हं.

मैत्रिणीला पहाटे तीनला मेसेज टाकला. तिचं लगेच उत्तर. तीही जागीच.

१५ जानेवारी, संक्रांत

काल भोगीची भाजी, आज पोळ्या. आईने वाण म्हणून शेजारणींना स्टीलच्या वाट्या दिल्या, मला मनगटी घड्याळ. पट्टा जुना आहे, घड्याळ चालू. परीक्षेत वेळ बघायला. स्वतःचं काही तिथे नेऊ देत नाहीत, हे सांगितलं नाही.

२१ जानेवारी, रविवार

नऊपैकी आठ. वेळ पुरला नाही.

२४ जानेवारी

छोटूने वायर उपटली. सगळं बंद. सेव्ह केलेलं नव्हतं. चार तासांचं काम गेलं. त्याच्यावर ओरडले. तो आजीच्या पदराआड गेला आणि संध्याकाळपर्यंत वर आला नाही.

दर पंधरा मिनिटांनी सेव्ह. दर पंधरा मिनिटांनी.

२५ जानेवारी

तो वर आला. हातात तिळाचा लाडू, अर्धा खाल्लेला. माझ्यासाठी.

४ फेब्रुवारी, रविवार

नऊपैकी नऊ. चाळीस मिनिटं शिल्लक. मैत्रीण म्हणते आता थांब. थांबता येत नाही.

९ फेब्रुवारी

भीती. नापास झाले तर पुन्हा १६०० डॉलर कुठून आणणार? आप्पांनी बाकीचा कांदा काढला. ढीग घालून झाकला. विकायला नेत नाहीत, वाट बघतात. आमच्या घरात सध्या सगळेच वाट बघतात.

१३ फेब्रुवारी, माघी गणेश जयंती

आईचा उपास. सकाळी ओझरच्या विघ्नहराला बसल्या जागेवरून हात जोडले. मंचरहून एसटी, वाकडेवाडी, मग स्टेशन. उद्यान एक्सप्रेस. छोटू रडला नाही, मी गाडीत बसल्यावर रडले. डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी.

१४ फेब्रुवारी

बेंगळुरू. आउटर रिंग रोडला स्वस्त खोली. सिस्कोचं फाटक चालत जाऊन बघून आले. पुस्तक उघडलं नाही.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

रात्री, परतीच्या गाडीत लिहिते आहे.

प्रश्नांबद्दल लिहायचं नाही, तशी सही करून दिली आहे. म्हणून फक्त माझं.

पहिले तीन तास डिझाइन. मागच्या प्रश्नावर परतता येत नाही. उत्तर दिलं की मागे वळून बघायचं नाही, हे मनाला शिकवायला पहिला अर्धा तास गेला. मग जमलं.

दुसरा भाग, पाच तास. सुरुवातीला कीबोर्डला हात लावला नाही. सगळं वाचलं. कोणतं काम कशावर उभं आहे, ते कागदावर काढलं. शेजारचा टाइप करत सुटला होता, त्याच्या बोटांचा आवाज कानात शिरत होता. तरी वाचलं.

तिसऱ्या तासाला एका जागी अडकले. पडद्यावर सगळं ठीक, काम मात्र होत नाही. हात गार पडले. बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. परत आले, टोकाच्या यंत्रावर बसले आणि तिथून एकेक पाऊल मागे. चौथ्या पावलाला सापडलं. चूक माझीच, तासाभरापूर्वी मीच लिहिलेली.

शेवटची वीस मिनिटं नवीन काही केलं नाही. प्रत्येक टोकाला गेले. एकूणएक. सेव्ह केलं. उठले.

या वेळी खात्री नाही. बघितलं आहे एवढंच.

१६ फेब्रुवारी

निकाल अठ्ठेचाळीस तासांत. दर स्टेशनला मेल उघडते. सोलापूर गेलं, दौंड गेलं. काही नाही.

वाकडेवाडीहून सहाची एसटी. चाकणच्या चौकात गाडी उभी, हलेना. मेल आला. पास. पाच आकडी क्रमांक.

दोनदा वाचला. शेजारच्या मावशींच्या मांडीवर कोंबड्यांची खुराडी होती. त्यांनी विचारलं, काय झालं बाई, घरी बरं आहे ना? म्हटलं, बरं आहे, परीक्षा पास झाले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि पिशवीतला पेरू काढून दिला.

घरी पोचले तेव्हा आप्पा ओट्यावर. त्यांनी काही विचारलं नाही. मी सांगितलं. आप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली. आईने भाकरतुकडा ओवाळला. छोटू झोपला होता.

१७ फेब्रुवारी

दिवसभर झोपले.

१९ फेब्रुवारी, शिवजयंती

गावातली पोरं पहाटे शिवनेरीहून मशाल पेटवून धावत आली. त्यांच्यात शेजारची ती पोरगी आणि तिची मैत्रीण. पाय फुटलेले, तोंडं उजळलेली. चहाला वर बोलावलं.

शनिवारी चिंचवडला परत जाते. सर्व्हर इथेच ठेवते. लाईटचं बिल मी भरणार, असं आप्पांना सांगितलं. दोघी येत्या रविवारपासून येतील, सकाळी सात वाजता. मी चिंचवडहून त्यावर चढून आदल्या रात्री जाळं बिघडवून ठेवीन. काय बिघडवलं ते सांगणार नाही.