आवड बदलते म्हणजे काय बदलते?

साहित्याच्या वर्गात अभिरुचीचा विषय निघाला की आपण तिचा 'विकास' गृहीतच धरतो. अभिनवगुप्तांचा सहृदय काव्याच्या सततच्या परिशीलनाने घडतो, हे आपण शिकलेलो आणि शिकवलेले असते. संगीताबाबतही असाच एक जिना सांगितला जातो. आधी चित्रपटगीत, मग भावगीत आणि गझल, पुढे नाट्यगीत, सर्वांत वर ख्याल. माझ्या आवडत्या गाण्यांचा पन्नास वर्षांचा हिशेब मांडला तर तो बराचसा या जिन्यासारखाच दिसतो. तरीही हे स्पष्टीकरण मला पुरेसे वाटत नाही.

माझे बालपण माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडला गेले. १९७०च्या दशकात तिथे गाणे निवडता येत नसे, ते कानावर येई. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला, इतर वेळी विविध भारती, लग्नातला कर्णा, १४ एप्रिलला वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे, कार्तिकात काकडा, आणि पहाटे घरातल्या जात्यावर आईची ओवी. पुन्हा केव्हा लागेल याची वाट पाहायला लावणारे गाणे म्हणजे आवडते गाणे, एवढीच तेव्हाची व्याख्या होती. त्या आवडीत वाट पाहण्याचा वाटा किती होता, हे पुढे कॅसेट आल्यावर कळले.

१९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि मी शिकायला अंबाजोगाईला गेलो. आता गाणे मागे नेऊन पुन्हा ऐकता येत होते. मी कविता वाचत होतो, म्हणून गाण्यातही शब्दच ऐकत होतो. सुरेश भटांच्या गझला आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली त्या काळातल्या. पुढे नोकरी लागल्यावर मल्लिकार्जुन मन्सूर आणि किशोरी आमोणकर ऐकू लागलो. दोन-चार ओळींची बंदिश, तीही आलापात विरून जाणारी. शब्दांवर पोट असलेल्या माणसाला हे सुरुवातीला अवघड गेले. सवय झाली, पण म्हणून आधीची गाणी खालच्या पायरीवर गेली नाहीत. त्यांतली काही मी आजही ऐकतो, मात्र पूर्वी ऐकत होतो ती ही गाणी नव्हेत.

उदाहरण 'गीतरामायणा'चे देतो. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीने गदिमा आणि सुधीर फडके यांची ही ५६ गीते वर्षभर प्रसारित केली. त्यांतल्या एका गीतात विश्वामित्र यज्ञरक्षणासाठी दशरथाकडे त्याचा थोरला मुलगा मागतो. लहानपणी मी विश्वामित्राच्या बाजूचा होतो, कारण तिथून राक्षसांची गोष्ट सुरू होणार होती. विद्यार्थी असताना गदिमांचा शब्दसंयम पाहिला. मुलगी शिकायला पुण्याला गेली, त्या वर्षी हेच गीत लागले आणि मी पहिल्यांदा दशरथ ऐकला. गंमत अशी की या गीतात बोलतो तो विश्वामित्र, दशरथ नव्हे. गीताचा एक सूरही बदललेला नव्हता. ऐकणारा मात्र राजसभेत दुसऱ्या जागी जाऊन बसला होता.

जिन्याच्या कल्पनेत ही जागा बदलणे मावत नाही. ऐकणाऱ्याचे कामही मावत नाही. दसरा झाला की आमच्या भागातल्या ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. ट्रॅक्टरवर मोठ्या आवाजात गाणी लावलेली असतात. शहरातला रसिक त्यांना कर्कश म्हणेल. पण ती गाणी ट्रॅक्टर चालवणाऱ्याला रात्रभर जागे ठेवतात. बैठकीत मांडी घालून ऐकणाऱ्याच्या मापाने ती मोजता येत नाहीत.

जात्यावरची ओवी अशीच कामाची होती. गावात पिठाची गिरणी आली, जाते थांबले आणि ओवीही थांबली. आईचा गळा शाबूत होता, पण हात फिरत नसताना तिला ओवी सुचत नसे. म्हणून दाखव म्हटले की ती हसून उठून जाई. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. आमच्या माजलगावातल्या भीमनगरातील बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या, १९९६ साली ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्याही त्या संग्रहात आहेत. त्या ऐकताना चाल ओळखीची वाटते. आईचा आवाज मात्र कुठल्याच फितीवर नाही, आणि आता ती नाही.

एवढे असून आज कुणी माझे सर्वांत आवडते गाणे विचारले तर मी त्या ओव्यांकडे बोट दाखवीन. त्यांचे शब्द मला तुटकच आठवतात, चाल जात्याच्या घरघरीसकट आठवते. मोबाइलवर जगातले जवळजवळ कुठलेही गाणे मिळते, हे मिळत नाही. माझ्या यादीत ते नेहमी होते असेही नाही. वयाच्या विशीत ते मला गाणेच वाटत नव्हते. ते वर आले ते माझा कान तयार झाला म्हणून, की ते पुन्हा ऐकता येणार नाही म्हणून, याचा निवाडा मला करता येत नाही. दोन्ही कारणे खरी असावीत, आणि दुसऱ्याची नोंद आपल्या आस्वादमीमांसेत फारशी होत नाही.

वर्गात मी मुलांकडून दरवर्षी आवडत्या दहा कवितांची यादी लिहून घेतो. अलीकडे प्रत्येक कवितेपुढे ती केव्हा आणि कुणाकडून पहिल्यांदा ऐकली, तेही लिहायला सांगतो. यादीपेक्षा तो रकाना वाचायला मला जास्त वेळ लागतो.