शटलमधला पट

संध्याकाळी जनरल शिफ्ट सुटली की बोईसरला विरारची शटल पकडायची आणि जागा मिळताच मांडीवर चुंबकाचा छोटा पट उघडायचा. पालघरला मास्तर मंडळी चढेपर्यंत प्यादी भिडलेली असायची, केळवे रोडला वजिरावजिरी व्हायची. वैतरणेच्या पुलावर गाडी धडधडू लागली की एका हाताने पट दाबून धरत दुसऱ्याने घोडा उचलायचा. खेळणारे दोघं, शिकवणारे आठ. हात लावलेलं मोहरं खेळलंच पाहिजे, हा नियम मात्र गर्दीतही कडक.

मे १९९७ मध्ये ती बातमी आली त्या संध्याकाळी पट उघडलाच नाही. न्यूयॉर्कमध्ये ‘डीप ब्लू’ या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला साडेतीन-अडीचने हरवलं होतं, शेवटचा डाव तर अवघ्या १९ खेळ्यांत. वर्षभरापूर्वी फिलाडेल्फियात कास्पारोव्हच ४-२ने जिंकला, तेव्हा आम्ही निर्धास्त झालो होतो. अणुवीज केंद्रातले एक साहेब म्हणाले, सेकंदाला २० कोटी स्थिती तपासणाऱ्या यंत्रापुढे माणूस टिकणार कसा? त्यावर कुणीतरी दुसरा डाव काढला. कास्पारोव्हने तो सोडून दिला, पण शहावर शह देत बरोबरी साधता आली असती, असं विश्लेषकांनी नंतर दाखवलं होतं. मग यंत्र जिंकलं की माणूस कचरला? सफाळ्यापासून विरारपर्यंत वाद चालला आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू झाला.

तो वाद आता मिटलाय. २००६ मध्ये बॉनला जगज्जेता क्रामनिक ‘डीप फ्रिट्झ’कडून ४-२ने हरला, एका डावात तर एका खेळीत होणारी मात त्याच्या नजरेतून सुटली. आज मोबाईलवरचं ‘स्टॉकफिश’ हे फुकटचं बुद्धिबळ इंजिन कार्लसनलाही भारी पडतं. बरोबरीच्या अटींवर माणूस यंत्राला हरवत नाही. हे कबूल करायला मला जड जात नाही.

२०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावते. डब्यात पट दिसत नाही, पण बुद्धिबळ आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या लढतीत डिंग लिरेनने शेवटच्या डावात हत्ती चुकीच्या घरात नेला, तेव्हा मोबाईलवर डाव पाहणाऱ्यांना कोण सरस ते दाखवणारी इंजिनाची पट्टी झुकताक्षणी समजलं. पटासमोर बसलेल्या गुकेशला मात्र ती चूक स्वतःच शोधायची होती. मला ते काही सेकंद सगळ्यात मोलाचे वाटतात.

पूर्वी पालघरच्या पोराला चांगलं पुस्तक हवं तर मुंबई गाठावी लागे. आता खेड्यातल्या मुलीलाही न थकणारा सोबती घरबसल्या मिळतो. नाशिकचा विदित, २०२५ चा महिला विश्वचषक जिंकणारी नागपूरची दिव्या, ही इंजिनासोबत वाढलेलीच पिढी. हे फार मोठं देणं आहे. गेली ती डावानंतरची चर्चा. पोरं डाव संपताच मोबाईल उघडतात, लाल खूण दिसली की ‘ब्लंडर’ म्हणून मोकळी होतात. का चुकलं, समोरच्याच्या मनात काय होतं, हे कुणी विचारत नाही.

म्हणून आमच्या सोसायटीत खेळायला येणाऱ्या मुलांना मी सांगतो, आधी तोंडाने बोला, मग मोबाईल. परवा एक मुलगी उंटाचा बळी बरोबरच होता म्हणून हट्टाने भांडली. इंजिनाने तो साफ चूक ठरवला. तरी ती म्हणाली, “पण काका, समोरच्याला उत्तर सापडलं नाही ना!” आणि खरंच, त्याला सापडलं नव्हतं, डाव तिनेच जिंकला होता.