मणिबेलीचा मोह

प्रवासवर्णन लिहावयाचे म्हणजे क्षेत्राचा महिमा, देवालयाची घडण आणि धर्मशाळेची सोय सांगावयाची, असा आपल्याकडील जुना परिपाठ आहे. यंदा चैत्रात आम्ही ज्या गावी जाऊन आलो तेथील देवालय पाण्याखाली आहे, धर्मशाळेचे नाव नाही, आणि ज्या वस्तूविषयी आम्ही लिहिणार ती आमच्या घरच्या उंबरठ्याच्या आत आजवर आलेली नाही. ती वस्तू म्हणजे मोहाच्या फुलांची दारू. एवढ्यावरून वाचकांनी पान उलटू नये, अशी विनंती आहे.

निमित्त घडले ते घरातच. आमचा एक पुतण्या नोकरीनिमित्त फ्रान्सात असतो. सुट्टीत तो घरी आला असता एका रात्री जेवणे आटोपल्यावर बरगंडी प्रांतातील द्राक्षमळ्यांची हकीकत सांगू लागला. नेपोलियनच्या १८०४ च्या कायद्याने सर्व मुलांस सारखा वाटा मिळू लागला; त्यामुळे तेथील मळ्यांचे तुकडे होत होत एकेका कुटुंबाकडे काही ओळीच वेली उरल्या. परंतु प्रत्येक तुकड्यास स्वतःचे नाव आहे. रोमाने-कोंती नावाचा जगप्रसिद्ध मळा अवघा साडेचार एकरांचा! बांधाच्या अलीकडचा तांबडा द्राक्षरस निराळा, पलीकडचा निराळा, असे तेथील लोक मानतात. आणि २०१५ साली या नावाच्या तुकड्यांस युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. घरातील वडील मंडळी हे सारे मोठ्या कौतुकाने ऐकत होती. दारूची गोष्ट चालली आहे, याची कोणास आठवणही राहिली नव्हती. तेव्हा आमच्या मनात आले की, आपल्या सातपुड्यात भिल्लाच्या झोपडीत हेच होते, त्याचे कौतुक आपण कधी केले काय? या प्रश्नाने आम्हांस मणिबेलीस नेले.

मणिबेली हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील नर्मदेकाठचे गाव. निवडणुकीच्या यादीत महाराष्ट्रातील पहिले मतदान केंद्र येथले. परंतु हा पहिलेपणा कागदावरचाच, कारण मतपेट्यांस व माणसांस तेथे पोहोचण्यास जलाशयातून होडीनेच जावे लागत आले आहे. नर्मदेच्या परिक्रमेची पुस्तके ज्या घरांतून वाचली जातात, त्या घरांस शूलपाणीची झाडी ठाऊक असेलच. परिक्रमावासीयांस लंगोटीवर आणून सोडणारे भिल्ल ‘मामा’ ते याच झाडीतले. शूलपाणीश्वराचे प्राचीन देवालय येथेच होते. सरदार सरोवराच्या पाण्यात ते बुडाले, आणि देवाची नवी स्थापना खाली गुजरातेत गोऱ्यास झाली.

गावाची कथा थोडक्यात अशी. धरणाच्या पाण्यात महाराष्ट्रातील पहिला बळी याच गावाचा. १९९३ च्या पावसाळ्यात येथील घरांत पाणी शिरले. त्याच्या आदल्या वर्षी जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने पुनर्वसनाच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले होते, आणि १९९३ च्या मार्चमध्ये बँकेचे उरलेले कर्ज थांबले. १९९४ साली मोठ्या धरणांविरुद्ध जगभरच्या संस्थांनी जे जाहीर पत्रक काढले, त्यास ‘मणिबेली जाहीरनामा’ असे नाव दिले गेले. गाव बुडाले आणि नाव जगभर झाले! पुढे धरणाची उंची १३८.६८ मीटर झाली, आणि २०१९ च्या सप्टेंबरात जलाशय प्रथमच काठोकाठ भरला. काही कुटुंबे सपाटीवरील वसाहतींत गेली. काही डोंगर चढून वर राहिली. आम्ही गेलो ते या वर राहिलेल्यांकडे.

होडीतून उतरून चढण चढताना पहाटेच्या वाऱ्याबरोबर एक गोडसर, काहीसा उग्र वास आला. मोहाखाली फुलांचा सडा पडला होता. पांढुरक्या, रसाळ, मण्यांसारख्या पाकळ्या रात्री गळू लागतात, त्या उन्हाने सुकण्यापूर्वी वेचावयाच्या. घरातील लहानमोठी सारी माणसे टोपल्या घेऊन वाकली होती. कोणते झाड कोणाचे हे साऱ्या पाड्यास ठाऊक असते. वडिलांनी मुलास, मुलाने नातवास द्यावयाची ही इस्टेट. पुतण्या हळूच म्हणाला, “काका, त्यांच्या वेलींच्या ओळी आणि ही झाडे, यांत फरक तो काय?”

फरक एक आहे, आणि तो लहान नव्हे. द्राक्षाची वेल तीन-चार वर्षांत फळते. मोहास प्रथम फुलावयासच आठ-दहा वर्षे लागतात, आणि भरघोस फुले देणारे झाड म्हणजे एका पिढीचे काम. फुले वाळवून ठेवली की पावसाळ्यातील पोटाची सोय होते. बियांचे तेल निघते. दारू हा त्याचा अनेकांतला एक उपयोग. सुकी फुले मडक्यात पाण्यात भिजवून काही दिवस आंबू द्यावयाची, मग चुलीवर चढवून वाफ बांबूच्या नळीने गार पाण्यातील भांड्यात उतरवावयाची. ‘पहिल्या धारेची’ हा आपल्या बोलण्यातील शब्द अशाच चुलीपाशी जन्मला.

आपल्या पूर्वजांस हे झाड परके नव्हते. संस्कृतातील मधूक तो हाच. रघुवंशात इंदुमतीच्या हाती जी स्वयंवरमाला आहे, ती मधूकपुष्पांचीच. मनुस्मृतीने ज्या तीन सुरा निषिद्ध ठरविल्या त्यांतील ‘माध्वी’चा अर्थ काही टीकाकार मोहाच्या फुलांची असाच करतात. म्हणजे माळ आपण घेतली, सुरा नाकारली, येथवर ठीक. परंतु इंग्रजांनी निराळेच केले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची चूल गुन्हा ठरली आणि मक्तेदाराच्या गुत्त्यावर पैसे मोजून पिणे कायदेशीर ठरले. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच बंधने आली. आणि गंमत अशी की, त्याच शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सातील द्राक्षमळे उजाड केले, तेव्हा मोहाची हीच सुकी फुले जहाजांतून तिकडे जात होती!

कोणी म्हणेल, तुम्ही दारूची तरफदारी करता. तसे नाही. दारूने संसार बुडतात हे भिल्लांस आपण शिकविण्याची गरज नाही. १९२२ च्या सुमारास देवीच्या चळवळीने गुजरात-खानदेशातील आदिवासींनी आपण होऊन दारू सोडली. १९३८ च्या सुमारास तळोदे भागातील गुला महाराजांच्या आरतीस जमणाऱ्या हजारोंनी तेच केले. त्यांनी सोडली ती आपल्या विचाराने. त्यांचे झाड बुडविले ते मात्र दुसऱ्यांच्या विचाराने.

दुपारी एका म्हाताऱ्याच्या ओसरीवर बसलो. त्याने पळसाच्या पानाच्या द्रोणात थोडी दारू ओतली, दोन थेंब भुईवर सोडले आणि द्रोण आमच्यापुढे केला. आमची मोठी पंचाईत झाली. नकार द्यावा तर पाहुणचाराचा अपमान, घ्यावी तर घरचा आचार मोडतो. आम्ही खरे तेच सांगितले, “बाबा, आमच्याकडे घेत नाहीत.” तो रागावला नाही. “मग फूल खा,” म्हणाला, आणि म्हातारीने भाजलेल्या फुलांची मूठ आमच्या हातावर ठेवली. मनुकेसारखी गोड, किंचित धुरकट अशी ती चव अद्याप जिभेवर आहे.

मग त्याने जलाशयाकडे बोट दाखवून आपली झाडे मोजली. एक घराच्या मागे, दोन ओढ्यापाशी, एक देवाच्या जागी. बोटाच्या टोकाशी नुसते पाणी होते. १९७९ च्या लवादाने जमिनीच्या बदल्यात जमीन देवविली, निदान कागदावर. परंतु आजोबाने राखलेल्या मोहाच्या बदल्यात आजोबाने राखलेला मोह कोणता अधिकारी देणार? ज्याच्या खाली देवास थेंब वाहावयाचा ते झाड सपाटीवरील वसाहतीत कोठून आणावयाचे?

निघताना त्याने पाण्याच्या रेषेच्या बरेच वर, काट्याकुट्यांचे कुंपण घातलेली दोन रोपे दाखविली. गुडघ्याएवढी होती. “माझ्यासाठी नाहीत,” एवढेच तो बोलला.

सुकी फुले आम्ही बरोबर आणली होती. आमच्या मातोश्रींनी त्यांचा वास घेतला, काही वेळ त्या गप्प राहिल्या, आणि मग त्यांतील चार फुले देवघरात नेऊन ठेविली. आमच्या घरात मोह आला तो असा.