आपली पट्टी

प्रभादेवीतल्या खोलीत, खिडकीबाहेर हॉर्न वाजत असताना मोबाईलवर गाणं ध्वनिमुद्रित करणाऱ्या हौशी गळ्यांविषयी मला सारखं वाटतं, यांनी आधी पट्टी बदलावी. मूळ पट्टीच्या हट्टापायी तार सप्तकात गळा आवळतो आणि तो ताण झाकायला रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, चढतो. पट्टी बदलली की गाणं हरवतं, असं म्हणतात. पण षड्ज सरकला तरी स्वरांमधली अंतरं तीच राहतात, आणि चाल त्या अंतरांचीच असते. पट्टी न बदलता सूर सावरायला ऑटो-ट्यून हे सॉफ्टवेअर १९९७ पासून आहे. ते सूर सरळ करतं, पण चुकीच्या जागी तुटलेला श्वास जोडत नाही. स्वतःचा आवाज आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून ध्वनिमुद्रणातला पातळ, परका वाटतो. तो परका आवाज, हॉर्नसकट, न सजवता ऐकत राहावा. किती दिवस, कोण जाणे.